सहा दिवसांचा फरक

"दोन्ही चालेल. तुम्ही ठरवा," असं म्हणून डॉक्टरीणबाईंनी फाइल मिटली आणि तिथेच घोटाळ्याला सुरुवात झाली.

दोन्ही म्हणजे काय, तर देवश्रीची तारीख उलटली होती आणि कळांचा पत्ता नव्हता. येत्या गुरुवारी एक्केचाळीस आठवडे पूर्ण होत होते. गुरुवारी सकाळी दाखल व्हायचं आणि औषध देऊन कळा सुरू करायच्या, किंवा रोज तपासणी करत आणखी चार दिवस वाट बघायची. बाळ छान आहे, पाणी पुरेसं आहे, घाबरायचं कारण नाही, पण फार लांबवायचंही नाही. मंगळवारी येऊन काय ते सांगा. आता मला सांगा, नऊ महिने जिने काय खावं, कुठल्या कुशीवर झोपावं, किती जिने चढावेत हे सगळं इतरांनी ठरवलं, तिला शेवटच्या आठवड्यात "तुम्ही ठरवा" म्हणायचं, हा कुठला न्याय?

बेंगळुरूतल्या हेब्बाळच्या त्या फ्लॅटमध्ये ठरवणारे दोघं होते, आणि त्यात देवश्री नव्हती. पहिला मकरंद, तिचा नवरा. तो एका सरकारी संशोधन संस्थेत नोकरीला होता आणि तिथे वजनकाटे, थर्मामीटर, दाबमापकं खरं बोलतात की नाही हे तपासणं हे त्याचं काम. ही खोड घरीही सुटत नसे. लग्नाच्या बोलण्यांत मुलीकडचे लोक पोहे देत असताना त्याने भिंतीवरचं घड्याळ दोन मिनिटं पुढे असल्याचं सांगितलं होतं. दुसऱ्या त्याच्या आई, हेमलताबाई. देवश्रीच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे पहिलं बाळंतपण माहेरी न होता इथेच व्हायचं होतं आणि हेमलताबाई त्यासाठी डिंक, खारीक, खोबरं घेऊन नाशिकहून येऊन राहिल्या होत्या.

"गुरुवार," हेमलताबाई म्हणाल्या.

"गुरुवार," मकरंद म्हणाला. त्याने लॅपटॉपवर एक तक्ता केला होता. पहिल्या दिवसापासून आजपर्यंतचा प्रत्येक दिवस त्यात होता.

"थांबूया ना थोडं," देवश्री म्हणाली. "डॉक्टर म्हणाल्या चालतं."

"अगं, पण का थांबायचं? कारण काय?" हेमलताबाई म्हणाल्या.

देवश्रीकडे कारण होतं, चांगलं भक्कम कारण होतं, पण ते सासूबाईंना सांगण्यासारखं नव्हतं.

ते कारण फेब्रुवारीत घडलं होतं. नव्या फ्लॅटची वास्तुशांत करून घ्यायला सासू-सासरे आले होते. बुधवारी माघी पौर्णिमा, त्या दिवशी सत्यनारायण. पण त्याआधीच्या शुक्रवारी सासऱ्यांनी बेंगळुरूतल्या आपल्या जुन्या मित्रांना सहकुटुंब पुरणपोळीला बोलावून ठेवलं होतं. वीस माणसं. आणि नेमकं त्याच शुक्रवारी देवश्रीच्या ऑफिसातलं चार महिन्यांचं काम हातावेगळं व्हायचं होतं. गुरुवारी सकाळी हेमलताबाई दीड किलो हरभऱ्याची डाळ निवडत बसल्या होत्या. "उद्या पहाटे पाचला लागू आपण दोघी," त्या म्हणाल्या. देवश्रीने डाळीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "आई, माझी अडचण आलीये."

थाप होती. शुद्ध थाप. एरवी त्या दोघांच्या घरात हे असलं काही पाळलं जात नसे, पण हेमलताबाई पाळत, आणि त्या असल्या की देवश्रीही पाळल्यासारखं करी. हेमलताबाईंनी उठून भिंतीवरच्या कॅलेंडरवर सहा तारखेला फुली मारली, सुनेला म्हणाल्या, "जा आत, पड," आणि डाळ घेऊन पुन्हा बसल्या. देवश्री चार दिवस बेडरूममध्ये लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली. ताट दाराशी येत होतं, चहा दाराशी येत होता. लग्नानंतरचे तिचे ते सगळ्यात सुखाचे चार दिवस होते, हे तिने कुणाला सांगितलं नाही एवढंच. बाहेर मकरंदने रजा टाकली आणि आईच्या हाताखाली बासष्ट पुरणपोळ्या लाटल्या, सगळ्या एका मापाच्या.

पण देवाच्या घरी उशीर असला तरी अंधेर नसतो. बुधवारी सकाळी साडेसहाला देवश्रीची खरीखुरी अडचण आली. नऊला गुरुजी यायचे होते, शिऱ्याचा रवा भाजून झाला होता, केळीचे खांब बांधून झाले होते. आता काय सांगणार? "पुन्हा आली" म्हणणार? ती मुकाट्याने पैठणी नेसली आणि मकरंदच्या शेजारी पूजेला बसली. पाचही अध्याय संपेपर्यंत ती मनातल्या मनात देवाची माफी मागत होती, तिने मान म्हणून वर केली नाही. हेमलताबाईंना ते पाहून फार भरून आलं. इतकी भाविक सून आपल्याला मिळाली हे त्यांनी त्या दिवशी नाशिकला तिघींना फोन करून सांगितलं.

पुढच्या महिन्यात दिवस राहिल्याचं कळलं आणि हेमलताबाईंनी जाहीर करून टाकलं की हा सत्यनारायणाचा प्रसाद आहे. त्या लगोलग बेंगळुरूला आल्या, पहिल्या तपासणीला सोबत गेल्या, आणि डॉक्टरीणबाईंनी शेवटच्या पाळीची तारीख विचारली तेव्हा देवश्रीने तोंड उघडायच्या आत त्यांनीच हिंदीत उत्तर दिलं, "छह फरवरी, गुरुवार." दहाव्या आठवड्यात सोनोग्राफी झाली तेव्हा बाळ सहा दिवस लहान दिसत होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की आठवड्याभराच्या आतला फरक असला तर आम्ही तुमची तारीख बदलत नाही. मकरंदने खूश होऊन मान डोलावली, कारण एवढी सूट त्याच्याही उपकरणांना असते. देवश्रीलाही वाटलं, नऊ महिन्यांत सहा दिवसांना कोण विचारतो.

आता विचारायची वेळ आली होती. सहा तारीख धरली तर ती उशिराची होती. बारा धरली तर उशीर सोडाच, तिचे दिवस अजून भरलेलेच नव्हते.

सोमवारी दुपारी समोरच्या फ्लॅटमधल्या सोयराबाई अक्का डोकावल्या. त्यांचं माहेर चामराजपेटेतलं, मराठी घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं, आणि बाळंतपणाच्या बाबतीत त्या आपलं मत राखून ठेवत नसत. त्यांनी देवश्रीला उभं केलं, बाजूने पाहिलं, समोरून पाहिलं.

"पोट अजून वरच आहे की गं. कुठं उतरलंय हे? तारीख चुकलीय तुमची. स्वल्प थांबा की."

"अक्का, तारीख चुकायचा प्रश्नच येत नाही," मकरंद लॅपटॉपमधून मान वर करून म्हणाला. तो त्या आठवड्यात घरूनच काम करत होता. "आईने त्याच दिवशी कॅलेंडरवर लिहून ठेवलीये."

"लिहिणाऱ्याची नाही हो अण्णा, सांगणाऱ्याची चुकते कधी कधी."

"छे, छे," हेमलताबाई म्हणाल्या. "आमच्या देवश्रीचं तसलं काही नाही."

देवश्रीला आतून बाळाने एक लाथ मारली.

डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं म्हणून संध्याकाळी नवराबायको तलावाकाठी फेऱ्या मारायला गेले. मकरंद पावलं मोजत होता. सातशेचाळिसाव्या पावलाला देवश्री थांबली.

"मकरंद, तुझ्या तक्त्यातला पहिला दिवस चुकीचा आहे."

मग तिने सगळं सांगितलं. डाळ, ऑफिस, चार दिवस, बुधवार, पैठणी. मकरंद शेजारच्या बाकावर बसला. पावलांचा आकडा तो विसरला होता, हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं असावं.

"म्हणजे त्या शुक्रवारी तुला काहीच झालेलं नव्हतं?"

"नव्हतं."

"देवश्री, मी बासष्ट पोळ्या लाटल्या."

"माहितीये रे."

"माझा खांदा आठवडाभर दुखत होता. तू दाराच्या फटीतून दोनदा वाढून मागितलंस. वर तूप कमी आहे म्हणालीस."

"आपण त्याच्यावर नंतर भांडूया का?" देवश्रीचा आवाज एकदम फुटला. "मला भीती वाटतेय. खरंच उशीर झाला असता तर मी स्वतःहून गेले असते गुरुवारी, दोन इंजेक्शनं जास्त घेतली असती. पण उशीर झालेलाच नाही. पुरणपोळ्या चुकवायला मी एक थाप मारली, आणि तिच्यापायी आता त्याला वेळेआधी बाहेर यायला लावतेय. त्याचा काय दोष?"

ती रडायला लागली तेव्हा मकरंदला पोळ्या विसराव्या लागल्या. त्याने तिचा हात धरला. माणूस वाईट नव्हता, नुसता मोजमापवाला होता.

"उद्या डॉक्टरांना सांगून टाकू," तो म्हणाला. "संदर्भच चुकला असेल तर पुढची सगळी मापं रद्द. साधी गोष्ट आहे."

"आईंसमोर नाही सांगणार मी. पोळ्यांचं एक वेळ चालेल. पण मी तशी पूजेला बसले, हे कळलं तर? सगळ्या नाशिकला त्यांनी प्रसाद म्हणून सांगितलंय."

"पण आई दर वेळी आत येते."

"म्हणून तू उद्या त्यांना कॉफी प्यायला घेऊन जायचंस."

"म्हणजे एवढ्या मोठ्या निर्णयाच्या वेळी मी कॉफी पीत बसायचं?"

"हो," देवश्री म्हणाली.

मंगळवारी सकाळी दवाखान्यात नाव पुकारलं गेलं आणि मकरंद ठरल्याप्रमाणे उठला. "आई, चल, खाली फिल्टर कॉफी फार छान मिळते."

"मी घरून पिऊन निघालेय."

"मग तुझं बीपी बघून घेऊ. पलीकडच्या खोलीत फुकट बघतात."

"माझ्या बीपीला काय झालंय? गुरुवारचं नक्की होऊ दे, ते आपोआप उतरेल," असं म्हणून हेमलताबाई सुनेची फाइल छातीशी धरून सगळ्यांच्या आधी आत शिरल्या आणि डॉक्टरीणबाईंच्या समोरच्या खुर्चीत बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती. तीन दिवस त्यांना धड झोप नव्हती, पण हे लक्षात घ्यायच्या मनःस्थितीत तिथे कुणी नव्हतं.

देवश्रीने एक वाट शोधून काढली. सासूबाईंना इंग्रजी येत नव्हतं. तिने डॉक्टरीणबाईंकडे बघून हसऱ्या चेहऱ्याने, भाजीचा भाव सांगावा तशा सुरात, अतिशय भरभर इंग्रजीत सगळं सांगून टाकलं. मकरंद भिंतीवरच्या बाळाच्या चित्राकडे एकटक बघत होता.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. मग एप्रिलमधली सोनोग्राफी काढली, बोटांवर काहीतरी मोजलं, आणि त्यांचा चेहरा खुलला. सोनोग्राफी बरोबर सांगत होती. उद्या बुधवारी चाळीस आठवडे पूर्ण होत होते, म्हणजे खरी तारीख उद्याच होती. "हे सांगितलंत ते फार बरं केलंत, याने सगळंच बदलतं," त्या म्हणाल्या. त्यांनी देवश्रीला तपासलं, बाळाचे ठोके ऐकले, पाणी पाहिलं. गुरुवार रद्द. शुक्रवारी आणि सोमवारी दाखवून जायचं, आणि तरी काही झालं नाही तर पुढच्या बुधवारी बोलू. देवश्रीने नऊ महिन्यांत घेतला नव्हता एवढा लांब श्वास घेतला.

तेवढ्यात डॉक्टरीणबाईंचं लक्ष हेमलताबाईंकडे गेलं. त्या बिचाऱ्या एकदा हिच्या, एकदा तिच्या तोंडाकडे बघत होत्या. डॉक्टरीणबाईंचं एक तत्त्व होतं, घरच्या वडीलधाऱ्यांना सगळं त्यांच्या भाषेत समजलं पाहिजे. तत्त्वं चांगलीच असतात, पण त्यांना वेळेचं भान नसतं. देवश्री "नको, नको, मी घरी सांगते," म्हणेपर्यंत त्यांनी बेल वाजवून अक्षरा सिस्टरला बोलावलं. अक्षरा सिस्टर बेळगावची. डॉक्टरीणबाईंनी तिला कानडीत दोन मिनिटं सगळं नीट समजावून सांगितलं, काही म्हणजे काही गाळलं नाही.

"मावशी, घाबरू नकासा," अक्षरा सिस्टर खणखणीत आवाजात म्हणाली. "बाळ बेस्ट आहे. तुमच्या सुनेनं तवा सहा तारीख सांगितली न्हवं, ती खोटी. काय आलं न्हवतं तिला तवा. पोळ्या लाटाय लागतील म्हणून सांगितलं म्हणे. खरं आलं ते बारा तारखेला. त्या दिवशी काय तर पूजा होती म्हणे तुमच्यात, तवाच. म्हणून गुरुवारचं कॅन्सल. कळलं न्हवं मावशी?"

अशा वेळी माणसाला तिथून निघून जावंसं वाटतं. पण दिवस भरत आलेल्या बाईला तपासणीच्या टेबलावरून पटकन उतरताही येत नाही. देवश्री छताकडे बघत पडून राहिली.

"कळलं," हेमलताबाई म्हणाल्या. मग पिशवी जवळ ओढून त्यांनी विचारलं, "बाळ बरं आहे ना पण?"

"एकदम."

"मग झालं," त्या म्हणाल्या आणि फाइल पिशवीत घातली.

घरी जाताना फ्लायओव्हरच्या अलीकडे वाहतूक अडकली होती आणि पाऊण तास तिघं गाडीत तसेच बसून होते. मकरंदने एकदा थंडी पडल्याचं सांगितलं, एकदा मेट्रोचं काम किती रेंगाळलंय ते सांगितलं. दोन्हींना उत्तर आलं नाही. देवश्री मागच्या सीटवरून सासूबाईंचा अंबाडा बघत होती आणि त्यावरून काही अंदाज लागतोय का ते पाहत होती. आता या बॅग भरणार, असं तिने मनाशी ठरवूनच टाकलं. बाळंतपणाला आता पुण्याच्या मावशीला बोलवावं लागेल इथपर्यंत तिचा विचार पोचला होता.

घरी पोचतात तोच हेमलताबाईंचा फोन वाजला. नाशिकहून सासरे विचारत होते, काय ठरलं. हेमलताबाई बाल्कनीच्या दारात उभ्या राहिल्या.

"गुरुवारचं रद्द झालं," त्या म्हणाल्या. "नाही, नाही, सगळं बरंय. त्यांचं मशीन सहा दिवसांनी चुकत होतं म्हणे. आता दुरुस्त केलंय. होतं असं. ठेवते."

मशीन चुकल्याचा आरोप ऐकून मकरंद काहीतरी बोलणार होता, पण देवश्रीने त्याच्याकडे पाहिलं आणि तो पाण्याचा ग्लास भरायला वळला.

हेमलताबाई येऊन सोफ्यावर सुनेशेजारी बसल्या.

"आई, माझं चुकलं," देवश्री म्हणाली.

"चुकलंच." हेमलताबाई म्हणाल्या. "ताट ठेवताना लॅपटॉप दिसायचा मला. ते ऑफिसचं काम झालं होतं का पण, चार दिवसांत?"

"अं? हो. झालं होतं."

"बरं झालं." हेमलताबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "माझं सत्तेचाळिसाव्या वर्षी बंद झालं. घरात सासूबाई, दोन दीर, त्यांची मुलं, रोजचा बारा माणसांचा स्वयंपाक. महिन्यातले ते चार दिवस मी मागच्या खोलीत बसून वाचायचे. कुणी हाक मारायचं नाही की काही मागायचं नाही. बंद झालं त्या महिन्यात मी इतकी रडले. लोकांना वाटलं, वयाचा त्रास."

"मग?"

"मग काय. सांगितलंच नाही कुणाला. त्यापुढे आणखी दोन वर्षं बसत होते."

मकरंदने हातातला पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

"आई," तो म्हणाला, "ती माझी अकरावी-बारावी. त्या दोन वर्षांत तुझे ते दिवस आले की मी पहाटे उठून कणीक मळायचो. माझे गणितात सहा मार्क गेले."

"मला माहितीये रे. वाईट वाटायचं मला. आतून ऐकू यायचं ना."

देवश्रीला हसू फुटत होतं, पण एक गोष्ट अजून मनात अडकली होती आणि ती विचारल्याशिवाय हसणं शक्य नव्हतं.

"आणि ती पूजा, आई? मी तशीच बसले त्याचं काय? तुम्ही सगळ्यांना सांगितलंय की हा प्रसाद आहे."

हेमलताबाईंनी देवघराकडे एकदा पाहिलं.

"त्या दोन वर्षांत दोन गणपती आणि दोन गौरी मी मागच्या खोलीत काढल्या. धडधाकट असताना, पाय पसरून, पुस्तक वाचत. घरात देव आलेला आणि मी साधा नमस्कारसुद्धा केला नाही. त्याने माझं काही वाकडं केलं नाही. तू निदान बसलीस तरी."

मग त्या उठल्या आणि त्यांनी सुनेला उठायला हात दिला. "चल, चालायला सांगितलंय ना डॉक्टरांनी, दोन फेऱ्या मारून येऊ. जेवणाचं मकरंद बघेल."